दोन माणसांचं पाणी

"जरा थांबा. आत्ताच आत गेलाय," देल्फिना हळू आवाजात म्हणाली.

नाबोर मिस्त्रीने नव्या कमोडचं खोकं उंबऱ्यावर टेकवलं होतं, ते तिथंच राहिलं. खोलीत ती आणि तो, दोघंच होते. मागच्या कोपऱ्यात पत्र्याच्या दाराआड पाणी खळाळलं, फ्लशची टाकी भरायला लागली, बराच वेळ भरत राहिली आणि आवंढा गिळल्यासारखा आवाज करून थांबली. देल्फिना हातातलं फडकं घट्ट धरून ऐकत होती. आवाज थांबल्यावरही तिने आणखी थोडा वेळ जाऊ दिला. माणसाला हात धुऊन बाहेर यायला लागतो, तेवढा.

"हं, आता या. झालं त्याचं."

"कोमाद्रे," नाबोर म्हणाला, "क्रिस्पिनला जाऊन आता..."

"मला सांगताय? मीच पुरलंय त्याला. पेटीला तुमचाही खांदा होता. बसा, आधी कॉफी घ्या."

नाबोर बसला. देल्फिनाची मुलगी तान्ही असताना बाप्तिस्म्याला त्यानेच तिला हातांवर धरलं होतं. तेव्हापासून देल्फिना त्याची कोमाद्रे आणि तो तिचा कोम्पाद्रे. हे नातं रक्ताचं नसलं तरी इस्तापालापाच्या वस्तीत ते रक्ताच्या नात्याच्या वरचढ धरतात. भावाशी भांडता येतं, कोमाद्रेशी नाही. म्हणूनच चाळीने हे काम नेमकं त्याच्या गळ्यात घातलं होतं.

नाबोरचं सगळं आयुष्य लोकांच्या संडासात गेलं. तुंबलेलं मोकळं करायचं, गळणारं थांबवायचं, फुटलेलं बदलायचं. असल्या माणसाला लोक अडीअडचणीला देवासारखा बोलावतात आणि लग्नात मागच्या टेबलावर बसवतात. पुतणीच्या लग्नात नवऱ्या मुलाच्या आईने त्याची ओळख "हे पाण्याचं बघतात" अशी करून दिली होती, आणि तो मान डोलावून हसला होता. त्याला त्याचं काही वाटत नसे. खरं म्हणजे वाटत असे, पण सांगायचं कोणाला? क्रिस्पिनला सांगायचा. आता क्रिस्पिनही नव्हता.

चाळ म्हणजे एका चौकाभोवतीच्या खोल्या. चौकात जमिनीखाली हौद. नगराचं पाणी आठवड्यातून एकदा यायचं, तेही करंगळीएवढ्या धारेने, आणि त्यात भागलं नाही की टँकरवाल्याची मनधरणी. हौदातलं पाणी मोटरीने गच्चीवरच्या एका मोठ्या टाकीत चढायचं, तिथून सगळ्यांच्या संडासांना. पिण्याचं आणि रांधण्याचं मात्र रोज दुपारी हौदाचं झाकण उघडून बादलीने वाटायचं. माणशी दोन बादल्या असा चाळीचा जुना नियम होता. घरात माणसं किती तेवढा वाटा, त्यात कोणाची वशिलेबाजी चालायची नाही.

ईस्टरनंतर हौद आठवड्याच्या मध्यावरच तळ दाखवायला लागला. माणशी दोनच्या जागी एक बादली झाली. पाणी कुठं जातंय म्हणून शोध घेतला, तर ते देल्फिनाच्या संडासात जात होतं. दिवसभर, रात्रभर, थोड्या थोड्या वेळाने. मग शहराच्या पाणीखात्याची योजना आली, जुने पाणीखाऊ कमोड द्या आणि कमी पाण्याचे फुकट घ्या. सगळ्यांनी घेतले. देल्फिना नाही म्हणाली. चाळीच्या बैठकीत ठरलं, आजच्या दिवसात बदललं नाही तर तिचा पाइप तोडायचा.

"तुम्हालाही कळतंय ना काय होतंय ते?" नाबोरने कपात फुंकर मारली. कॉफीत दालचिनी जास्त पडली होती. "टाकीच्या तळाचं रबर नीट बसत नाही. पाणी गुपचूप झिरपतं. पातळी उतरली की वरचा नळ आपोआप उघडतो. बस, एवढंच आहे."

"रबर ना? कबूल." देल्फिना समोर बसली. "पण मग दार कोण लोटून धरतं, ते त्या रबरालाच विचारा."

नाबोरने पत्र्याच्या दाराकडे पाहिलं. त्याची कडी मोडून किती वर्षं झाली होती कोण जाणे. क्रिस्पिन आत बसला की आतून तळहात दाराला लावून धरायचा. कोणी ढकललं की दार जरासं हलायचं, मऊसा अडसर लागायचा आणि आतून आवाज यायचा, 'आहे, आहे!'

"तुम्हाला एक सांगू, कोम्पाद्रे? कोणाला बोलले नाही मी." देल्फिना फडक्याने टेबल पुसायला लागली. टेबल स्वच्छच होतं. "जन्मभर मिनीबस चालवली त्याने. रस्त्यात कुठं थांबणार? दिवसभर लघवी दाबून धरायचा. मग साखरेचा आजार झाला. साखर झाल्यावर अर्ध्या अर्ध्या तासाला जावं लागायचं. आणि मी ही इथं बसून ओरडायची, क्रिस्पिन, पाणी सोडू नकोस! चारदा झालं की एकदा सोड! सगळ्या चाळीला ऐकू जायचं."

"पाणी नव्हतंच तर काय करणार तुम्ही?"

"तो आतून विचारायचा, 'हे कितवं गं?' पोरं नातवंडं असलेला माणूस, कोम्पाद्रे. 'कितवं गं?' मी सांगायची, तिसरं. मग नाही सोडायचा. कधी कधी मला कळू नये म्हणून निळी बादली घेऊन गुपचूप यायचा, धुण्याचं उरलेलं पाणी न्यायचा. पाय सुजलेले. पाणी हिंदकळायचं. आणि वर मी म्हणायची, बघ, सांडवलंस."

ती थांबली. पुसून पुसून टेबलाचा एक कोपरा ओला झाला होता.

"आता विचारत नाही कितवं ते. हवं तेव्हा जातो, हवं तेवढं सोडतो. सोडू दे की. जिवंतपणी नाही सोडू दिलं मी."

नाबोरने कप खाली ठेवला, तेवढ्यात मागे पुन्हा पाणी खळाळलं. ऊन चांगलं वर आलं होतं, शेजारच्या खोलीत पिंजऱ्यातला पक्षी किलबिलत होता, चौकात कोणीतरी मिरच्या भाजत होतं. अशा भर दिवसाउजेडी त्याच्या अंगावर काटा आला. दोघंही नकळत वाट पाहत बसून राहिले. आतलं उरकेपर्यंत.

मग उंबऱ्याशी रोसेंदा आली. हौदाची किल्ली तिच्याच गळ्यात असायची. तिच्या हातात मळकट चादरीचं बोचकं होतं आणि तोंड तिखट होतं.

"मिस्त्री, कॉफी प्यायला बोलावलं होतं का तुम्हाला?"

"बसवतो, बसवतो. दम धर जरा."

"दम कुठून धरू?" तिने बोचकं दोघांच्या समोर धरलं. वास आला. "ही माझ्या आईची कालची चादर. ही परवाची. अंथरुणात पडून आहे ती, पाठीला जखमा झाल्यात. माणशी एका बादलीत मी तिला पाजू, रांधू, का धुऊ? देल्फिनाबाई, तुमच्या माणसाबद्दल मला वाईट वाटतं. देवाशप्पथ वाटतं. पण मेलेल्याने पाणी वापरायचं आणि जित्याने वासात कुजायचं, हा कुठला न्याय?"

देल्फिनाने बोचक्याकडे पाहिलं. तिने हात पुढे केला आणि चादरीचं टोक बोटांत धरलं, बायका बाजारात कापड बघतात तसं. बराच वेळ धरून ठेवलं.

"तुझी आई रडते, ती यामुळे होय?" तिने विचारलं. "मला वाटायचं, दुखतं म्हणून रडते."

"लाजेने रडते," रोसेंदा म्हणाली.

देल्फिना उठली. पत्र्याच्या दारापाशी गेली आणि दाराला तोंड लावून, आत खरंच कोणी बसल्यासारखी बोलली, "क्रिस्पिन, जरा बाहेर येऊन बस रे. नाबोर आलाय. नवीन बसवतोय. रोसेंदाच्या आईसाठी चाललंय हे." मग थोडं थांबून म्हणाली, "रागावू नकोस."

"काढा," ती नाबोरला म्हणाली आणि खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभी राहिली.

नाबोर हत्यारं घेऊन दारापाशी गेला. दार ढकललं. ते जरासं हललं आणि थांबलं. मऊसा अडसर. दमट हवेने फुगलंय म्हणावं, तर दार पत्र्याचं. त्याने हात मागे घेतला, काही विसरल्यासारखं उगाच इकडे तिकडे पाहिलं, आणि हलकेच म्हणाला, "मी आहे, क्रिस्पिन." दार उघडलं. आत कोपऱ्यात निळी बादली पालथी ठेवलेली होती. दुसरं काही नव्हतं.

टाकीचं झाकण काढल्यावर कारण हाताला लागलं. पाणी वाचावं म्हणून इथे घरोघरी टाकीत वाळू भरलेली बाटली ठेवतात, तेवढी जागा अडते आणि तेवढं पाणी कमी जातं. क्रिस्पिनने एकीवर न थांबता तीन बाटल्या दाटीवाटीने कोंबल्या होत्या. त्यातली एक कलंडून रबराच्या साखळीवर रेलली होती, त्यामुळे रबर कधी पुरतं मिटतच नव्हतं. बायकोच्या बोलण्याच्या धाकाने ठेवलेल्या बाटलीने चाळीचा हौद रिकामा केला होता. एरवी नाबोरला हसू आलं असतं. त्याने बाटली बाहेर आणून देल्फिनाला दाखवली.

"ही कधी ठेवली त्याने?" तिने विचारलं.

"ते कसं सांगू? पण वाळू गाळून भरलेली दिसते. नीट बूच लावून वरून मेणही ओतलंय."

तिने बाटली घेतली, पदराने पुसावी तशी अंगावरच्या एप्रनने पुसली आणि ताटं ठेवायच्या फळीवर उभी केली.

जुना कमोड लोकांसमोर फोडायचा असा योजनेचा नियम होता, नाहीतर तो रविवारच्या बाजारात विकला जायचा आणि दुसऱ्या कोणाच्या तरी घरी जाऊन बसायचा. चौकात चार माणसं जमली. नाबोरने घण उचलला. आजवर त्याने असले कितीतरी फोडले होते, एकाचंही वाईट वाटलं नव्हतं. हा फोडताना त्याने तोंड फिरवलं. तुकडे झाले. आत कोरडं, पिवळं पडलेलं चिनीमातीचं पोट, बस. रोसेंदाने झाडू आणला आणि काही न बोलता तुकडे गोळा केले.

नवा बसवायला फार वेळ लागला नाही. पांढरं सिमेंट, नळी, जोड, पान्ह्याचा एक पिळा. वर दोन बटणं होती. त्याने देल्फिनाला हाक मारली.

"हे लहान बटण लघवीसाठी. थोडंसं पाणी सुटतं, एक-दोन तांबे म्हणा. हे मोठं, मोठ्या कामाला. कळलं?"

"कळायला काय, मी काय कुकुलं बाळ आहे?" ती म्हणाली. पण दोन्ही बटणांकडे ती टक लावून पाहत राहिली.

मग परीक्षा. त्यासाठी नाबोर कुठला रंगबिंग आणत नसे. घराघरात हामाइकाच्या फुलांचं लाल सरबत असतंच, पेलाभर टाकीत ओतायचं आणि वाट पाहायची. टाकी गळत असेल तर खालचं पाणी लाल होतं, नसेल तर स्वच्छ राहतं. देल्फिनाने सरबत दिलं. त्याने ओतलं, टाकी झाकली, दार लोटलं आणि दोघं टेबलाशी येऊन बसले.

आवाज आला नाही.

कॉफी पुन्हा गरम झाली, पिऊन झाली. आवाज नाही. शेजारचा पक्षीही गप्प झाला होता. देल्फिना सारखी मान वळवत होती, मग तिने मान वळवणं सोडलं. ती फडक्याची घडी घालत होती. अर्धी, पाव, आणखी लहान, शेवटी घडीची जुडी झाली आणि घालायला काही उरलं नाही. नाबोरने मध्ये जाऊन पाहिलं. खालचं पाणी काचेसारखं स्वच्छ. काम उत्तम झालं होतं, आणि आपल्या कामाची इतकी शरम त्याला कधीच वाटली नव्हती.

"गेला," देल्फिना म्हणाली. "अर्ध्या तासाच्या वर कधी राहायचाच नाही. आता गेला तो."

"कोमाद्रे..."

"तुमचा दोष नाही. लोकांना पाणी नको का? मला शेवटचं एकदा त्याला..."

पत्र्याचं दार वाजलं. मोठा आवाज नव्हता, कोणी आत जाताना मागे लोटून घेतं तेवढाच. मग काही क्षण काहीच नाही. मग आतून बटण दाबल्याचा कट्ट असा आवाज आणि पाण्याचा आखूड लोट. टाकी जराशी भरली आणि बंद झाली.

नाबोर उठला, कारण मिस्त्रीने अशा वेळी उठायचंच असतं. त्याने दार ढकललं. दार जरासं हललं, थांबलं, मग सुटलं. आत कोणी नव्हतं. खालचं पाणी फिकट गुलाबी झालं होतं. त्याने टाकी उघडली, रबर दाबून पाहिलं, साखळी पाहिली, फुगा पाहिला. कुठे केसाएवढी चूक नव्हती. मोठ्या बटणावर त्याच्याच सिमेंटच्या बोटाचा पांढरा ठसा तसाच होता. लहान बटण ओलं होतं.

"कुठलं?" देल्फिनाने बाहेरून विचारलं.

त्याला खोटं बोलता आलं असतं. "लहान," तो म्हणाला.

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "बघा," ती हुंदक्यातून म्हणाली, "अजून मला भितो."

मग ती येऊन दारात उभी राहिली. "क्रिस्पिन, मोठं दाब रे. आता मी काही म्हणणार नाही. दाब की मोठं. तुला काय, किती..." दोघं वाट पाहत उभे राहिले. मोठं बटण कोणी दाबलं नाही. क्रिस्पिन आधीपासूनच तसा ऐकणारा माणूस होता, आणि ऐकणाऱ्या माणसाला एकदा जे सांगितलं ते मागे घेता येत नाही, हे तिला आता कळत होतं. नाबोरने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो स्वतःही रडत होता आणि ते लपवायचं त्याला भान नव्हतं.

दुपारी हौदाचं झाकण उघडलं. चाळीतले सगळे बादल्या घेऊन आले. देल्फिनाही आपली बादली घेऊन रांगेत उभी राहिली. तिच्या खोलीचं दार मागे उघडंच होतं.

"गळती थांबली ना, मिस्त्री?" रोसेंदाने दोर सोडत विचारलं.

"थांबली. थेंब जात नाही."

"सुटलो बाई. आठवडा निघाला की पुन्हा माणशी दोन करू." देल्फिनाची पाळी आली तशी रोसेंदाने तिची बादली ओढून घेतली. "तुमचं एक माणूस, एक बादली."

"तिला दोन दे," नाबोर म्हणाला.

"दोन? कशाला दोन? एकट्या बाईला दोन दिल्या तर बाकीचे माझा गळा धरतील. आणि मला काय जास्त झालंय? माझी म्हातारी तिकडे..."

रोसेंदाचं बोलणं तिथंच थांबलं. देल्फिनाच्या उघड्या दारातून आवाज आला. कट्ट. पाण्याचा आखूड लोट, लगेच मिटलेला. रांगेतले सगळे वळले. रोसेंदाने देल्फिनाकडे पाहिलं, ती समोरच उभी होती. नाबोरकडे पाहिलं. मग तिची नजर रांगेतल्या एकेका माणसावरून फिरत गेली, आणि शेवटी त्या रिकाम्या खोलीच्या दाराशी येऊन थांबली. तिने क्रूस केला नाही, किंचाळलीही नाही. हातातला दोर तेवढा तिने दोनदा मनगटाभोवती गुंडाळला.

"लहान होतं ना ते?" तिने हळूच विचारलं.

"लहान," देल्फिना म्हणाली.

रोसेंदाने हौदात वाकून पाणी शेंदलं, देल्फिनाची बादली काठोकाठ भरली, आणि दोर पुन्हा आत सोडला.

"जा," ती म्हणाली, "त्याची निळी घेऊन या."